सांभाळणाऱ्याचा हक्क कुठे लिहिला आहे?

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की शेजारीपाजारी, नातेवाईक सगळे योजना सुचवायला लागतात. कोणी सांगतं, 'सांभाळणाऱ्यालाही सरकार दरमहा पैसे देतं.' कोणी म्हणतं, 'काही मिळत नाही, उगाच चपला झिजवू नका.' या दोन टोकांमध्ये अनेक घरांचं न मागितलेलं, पण हक्काचं बरंच काही राहून जातं.

मुळात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. पण ती राज्यांच्या आर्थिक कुवतीवर सोडलेली आहे. केरळने अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी 'आश्वासकिरणम्' ही योजना सुरू केली. महाराष्ट्रात घरात दरमहा जे पैसे येतात, ते मात्र दिव्यांग व्यक्तीच्या नावावर येतात. रात्री चार वेळा उठून कूस बदलून देणाऱ्या आईचं किंवा सुनेचं नाव त्या कागदावर कुठेच नसतं. हे मला अन्यायाचं वाटतं. पण म्हणूनच कोणता लाभ कोणाच्या नावावर मिळतो, हे सांभाळणाऱ्याला नेमकं ठाऊक असायला हवं.

सुरुवात दाखल्यापासून. 'दिसणारं अपंगत्व असेल तरच सर्टिफिकेट मिळतं' हा समज फार जुना आहे. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता, मानसिक आजार, पार्किन्सन, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे सगळे येतात. वयाची अटही नाही. सत्तरीत पक्षाघात होऊन एक बाजू लुळी पडलेल्या वडिलांनाही दाखला मिळू शकतो. 'हे तर म्हातारपण आहे, याला कसलं अपंगत्व' असं म्हणून घरचेच अर्ज करत नाहीत, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के लागतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात. मिळणारं यूडीआयडी कार्ड देशभर चालतं. कार्डाचा रंगही टक्केवारी सांगतो: चाळीसच्या आत पांढरा, त्यापुढे पिवळा आणि ऐंशीच्या पुढे निळा. दाखल्यावर 'तात्पुरता' असं लिहिलं असेल तर त्यावरची मुदत वाचून ठेवा. मुदत संपल्याचं अनेकांना पैसे थांबल्यावरच कळतं.

आता निराधारचे पैसे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना १,५०० रुपये मिळत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही रक्कम २,५०० केली. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा मात्र दिव्यांगांसाठी ५० हजार रुपये आहे, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास. आजच्या काळात रोजंदारीवरचं घरही ही रेघ ओलांडतं. ही मर्यादा वाढायलाच हवी.

याच पैशांवरून एक गोंधळ होतो. 'मुलाला निराधारचे पैसे मिळतात, म्हणजे आईची लाडकी बहीण बंद होणार,' असं छातीठोकपणे सांगितलं जातं. लाडकी बहीण योजनेचा नियम असा आहे की, त्या महिलेला स्वतःला दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १,५०० किंवा त्याहून जास्त मिळत असतील तर ती अपात्र ठरते. मुलाच्या नावावर येणारे पैसे मुलाचे. उत्पन्नाच्या आणि इतर अटींत बसणारी आई त्यामुळे बाद होत नाही.

पैसे मंजूर झाले तरी ते हातात येतातच असं नाही. बँकेत 'माणसाला समोर आणा' असं सांगितलं जातं आणि मग अंथरुणावरच्या माणसाला खुर्चीत बांधून, रिक्षातून, दोन माणसांच्या आधाराने काउंटरपर्यंत नेलं जातं. तिथे आखडलेली बोटं यंत्रावर दाबायची, ठसा उमटत नाही, पुन्हा दाबायची. हे सोसायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे की सत्तरीवरचे ज्येष्ठ आणि आजारी वा दिव्यांग ग्राहक यांना मूलभूत सेवा घरपोच द्याव्यात. शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

प्रवासात मात्र सोबत्याचाही विचार झालेला आहे, आणि नेमकी तीच सवलत लोक सोडून देतात. 'सवलत त्याला, आम्ही पूर्ण तिकीट काढतो' असं म्हणणारे बरेच आहेत. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग, बौद्धिक अक्षम आणि पूर्ण अंध प्रवासी यांच्या एका सोबत्याला रेल्वे तेवढीच सवलत देते. स्लीपर आणि थ्री-टायर एसीत ती ७५ टक्के आहे.

आयकराबाबत दोन गैरसमज आहेत. एक, औषधांची बिलं जपून ठेवावी लागतात. दुसरा, वजावट आजारी माणसालाच मिळते. १९६१ च्या कायद्यातल्या कलम ८० डीडीची वजावट सांभाळणाऱ्या करदात्यासाठी आहे आणि ती ठरावीक रकमेची आहे: ४० टक्क्यांपासून ७५ हजार, ८० टक्क्यांपासून सव्वा लाख. प्रत्यक्षात खर्च किती झाला, याने रक्कम बदलत नाही. मात्र ती जुन्या करपद्धतीतच मिळते. नवी पद्धत आता आपोआप लागू होते, म्हणून आधी दोन्हींचा हिशेब मांडून पाहा. आणखी एक गोष्ट: अवलंबितांत पती-पत्नी, मुलं, आईवडील, भावंडं येतात. सासू-सासरे येत नाहीत. सून सगळं करते, तिचा पगारही त्यात जातो, पण वजावट तिला नाही. तिचा नवरा आईवडिलांसाठी ती घेऊ शकतो.

नोकरीतल्या सवलतींना खूप मर्यादा आहेत. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना आणि एकल पुरुष पालकांना बालसंगोपन रजा पूर्ण सेवेत ७३० दिवस मिळते आणि मूल दिव्यांग असेल तर त्याच्या वयाची अट नाही. दिव्यांग अवलंबिताचा मुख्य सांभाळ करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला फिरत्या बदल्यांतून सूट देण्याचे आदेश २०१४ पासून आहेत. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात दिव्यांग मुलाच्या आईला बालसंगोपन रजा नाकारणं गैर ठरवलं. खासगी नोकरीत यातलं काहीच आपोआप मिळत नाही.

शेवटचा गैरसमज सर्वांत महागात पडतो: 'आम्ही आईवडील आहोत, आम्हीच पालक.' मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान असतं, मग त्याला स्वतःची सही करता येवो वा न येवो. तोपर्यंत बँक, शाळा, दवाखाना सगळीकडे आईची सही चालत असते. वारसाहक्काची नोंद किंवा मुलाच्या नावावरचा व्यवहार समोर आला की ती चालत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात सोय आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. अर्ज आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था करू शकते. नेमल्यानंतर सहा महिन्यांत पालकाने त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची आणि पुढे दरवर्षी हिशेब.

याच चार गटांसाठी न्यासाचा 'निरामय' हा एक लाखापर्यंतचा आरोग्यविमाही आहे. त्याला आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि बाह्यरुग्ण उपचारांनाही तो लागू होतो. मूल सतरा वर्षांचं असेल तर पालकत्वाची कागदपत्रं आत्ताच गोळा करायला घ्या. आपल्यानंतर कोण सांभाळेल, हे भावंडांशी बोलून घ्या, कारण समितीसमोर त्या माणसाची लेखी संमती लागते.