आग लागल्यावर छप्पर किती वेळ टिकते?

पुणे-बंगळूर महामार्गावरून कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत शिरले की दोन्ही बाजूंना शेडच शेड दिसतात. निळे पत्रे, करडे पत्रे, पुढे दोन मजली सिमेंटचे ऑफिस, मागे लांबलचक कारखाना. बाहेरून एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे. आत मात्र एकीकडे फौंड्रीत वितळलेले लोखंड साच्यात ओतले जात असते, शेजारी मशिन शॉप असते, पलीकडे सूत नाहीतर कपड्यांचे गठ्ठे छताला टेकलेले असतात. आग लागली तर या प्रत्येक शेडमध्ये आत शिरलेल्या माणसाला मिळणारी मिनिटे वेगवेगळी असतात.

अग्निशमन दलात नव्याने भरती झालेल्या तरुणांना म्हणूनच इमारतींचे प्रकार आणि त्यांचे भाग शिकवले जातात. पंप चालवणे, शिडी लावणे, दोरावरून उतरणे यापुढे हा विषय त्यांना रुक्ष वाटतो. वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षी आम्हालाही हाडांची नावे पाठ करताना असेच वाटायचे. पण हाडे माहीत नसतील तर मोडलेले काय हे कळत नाही, आणि इमारतीचा सांगाडा माहीत नसेल तर कोसळणार काय हे कळत नाही. अपघात विभागात काम करताना मला या विषयाचे दुसरे टोक दिसते. कोणत्या बांधकामाला आग लागली यावर रुग्ण भाजून येणार, गुदमरून येणार, की पाठीचा मणका मोडून येणार हे बरेचसे ठरते.

पहिला प्रश्न अगदी साधा असतो. वरचे ओझे जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने येते? जुन्या वाड्यात ते तुळयांवरून जाड भिंतींत आणि तिथून जोत्यात उतरते. तिथे भिंत पाडली तर वरचे सगळे खाली येते. शेडमध्ये पत्रा पर्लिनवर, पर्लिन लोखंडी कैचीवर किंवा गर्डरवर, गर्डर खांबावर असतो. मधल्या विटांच्या भिंती फक्त आडोसा असतात, त्या स्वतःखेरीज कशाचेच वजन पेलत नाहीत. आत अडकलेल्यांसाठी वाट करायची झाली, तर कोणत्या भिंतीला हात घालायचा याचे उत्तर इथे मिळते. राष्ट्रीय इमारत संहितेत बांधकामाचे चार प्रकार केलेले आहेत, आणि त्यांची कसोटी हीच आहे की खांब, तुळई, भिंत, स्लॅब आगीत किती वेळ आपले काम करत राहतात.

आता लोखंडाकडे येऊ, कारण कागलसारख्या वसाहतीचा सांगाडा बहुतांशी त्याचाच आहे. ‘लोखंड कुठे जळते?’ हा प्रश्न मी शिकल्या-सवरलेल्यांकडूनही ऐकला आहे. जळत नाही, खरे आहे. पण लोहार लोखंड लाल का करतो? वाकवता यावे म्हणून. साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला, म्हणजे ते लालसर दिसू लागते त्या सुमारासच, बांधकामाच्या पोलादाची जवळपास निम्मी ताकद गेलेली असते. भडकलेल्या गोडाऊनमध्ये छताजवळचे तापमान याहून सहज वर जाते. जाड गर्डर तापायला वेळ घेतो, पण पातळ अँगलची कैची, जिच्यावर कोणताही अग्निरोधक लेप नाही, ती दहा-पंधरा मिनिटांतही लोंबू लागू शकते. आणि ती एकटी पडत नाही. एक कैची गेली की तिचे ओझे शेजारच्या दोघींवर येते.

त्याआधी लोखंड आणखी एक गोष्ट करते. ते लांबते. २० मीटर लांबीचा गर्डर ५०० अंशांनी तापला तर सुमारे १२ सेंटिमीटर वाढतो. एवढी जागा त्याला कोण देणार? तो टोकाचा खांब किंवा भिंत बाहेर ढकलतो. रस्त्यावर उभे राहून मोबाईलवर आगीचे चित्रीकरण करणाऱ्यांना वाटते की आपण तर बाहेर आहोत. प्रशिक्षणात शिकवतात की धोक्यातल्या भिंतीपासून तिच्या उंचीच्या किमान दीडपट लांब राहायचे. आठ मीटरची भिंत असेल तर बारा मीटर. बघ्यांनी हा हिशोब करून पाहावा.

अमेरिकेतील चार्ल्सटन शहरात १८ जून २००७ रोजी सोफा सुपर स्टोअर नावाच्या फर्निचरच्या दुकानाला आग लागली. बिनलेपाच्या हलक्या लोखंडी कैच्यांवर पत्र्याचे छप्पर आणि त्याखाली फॉल्स सीलिंग अशी रचना होती. सीलिंगच्या वरच्या पोकळीत न जळालेला धूर आणि वायू साठत गेले. खाली काम करणाऱ्यांना वर काय शिजते आहे याचा अंदाज आला नाही. भडका उडाला, नंतर छप्पर बसले. नऊ अग्निशामक आतच गेले. आपल्याकडे शेडच्या पुढच्या भागात थंडावा आणि शोभा म्हणून असे सीलिंग सर्रास लावतात, म्हणून हे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते.

लाकडाबद्दल लोकांचे मत नेमके उलटे असते. ते पेटते, म्हणून ते सर्वांत वाईट. पण जाड सागवानी तुळई बाहेरून मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास कोळसा होत जाते, आणि तो कोळसाच आतल्या गाभ्याला उष्णतेपासून जरा वाचवतो. बारा इंची तुळई अर्ध्या तासानंतरही ओझे पेलत असू शकते. घात होतो तो सांध्यांवर, वाळवीने पोखरलेल्या टोकांवर, आणि मजल्या-मजल्यांमधल्या पोकळीतून आग गुपचूप वर चढते तेव्हा. कोल्हापूरकरांनी ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे डोळ्यांनी पाहिले. शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ मध्ये खुले झालेले पॅलेस थिएटर, म्हणजे आपले केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. छप्पर आणि रंगमंच गेला. दगडी भिंती उभ्या राहिल्या. जीवितहानी झाली नाही. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

मुंबईत काळबादेवीला मात्र तसे झाले नाही. ९ मे २०१५ रोजी तिथल्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. रहिवासी बाहेर पडले होते. अधिकारी आगीशी झुंजत असताना इमारत कोसळली. मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अनुभवी अधिकारी त्यात गेले. राणे आणि देसाई ढिगाऱ्यातच, तर अमीन आणि नेसरीकर भाजलेल्या जखमांशी रुग्णालयात झगडून. अनुभव कमी पडला असे म्हणायला इथे जागा नाही. जुन्या इमारतीत दुरुस्त्यांनी, वाढवलेल्या माळ्यांनी आणि साठवलेल्या मालाने मूळ सांगाडा कसा बदलला आहे, हे जळत्या इमारतीसमोर उभे राहून कोणालाच पूर्ण कळत नाही. ते आधी माहीत असावे लागते.

स्लॅबची इमारत या सर्वांत सोशिक. चांगली बांधलेली असेल तर तासभर, कधी दोन तासही तग धरते. काँक्रीट उष्णता हळू आत नेते, आणि सळईवरचे दोन ते चार सेंटिमीटरचे आवरण तिला सांभाळते. तरी काँक्रीटमधल्या ओलाव्याची वाफ होऊन त्याचे टवके तडतडत उडतात, आणि सळई उघडी पडली की ती पुन्हा लोखंडाच्याच नियमाने वागते. आग विझल्यावर दुसऱ्या दिवशी कागदपत्रे शोधायला स्लॅबखाली शिरू नये, ते यासाठी. अभियंत्याने तपासल्याशिवाय बाहेरच थांबावे.

सिमेंटच्या पत्र्याने तर आग नसतानाही आमच्याकडे रुग्ण येतात. पावसाळ्याच्या तोंडावर गळती काढायला माणूस वर चढतो, पत्रा फुटतो, आणि तो सहा-सात मीटरवरून टाचांवर आदळतो. टाचेचे हाड आणि कमरेचा मणका, दोन्ही एकदम. अशा रुग्णाची टाच दुखते म्हणून फक्त टाचेचा एक्स-रे काढून चालत नाही, पाठ बघावीच लागते. आगीत हा पत्रा तडकून उडतो. उजेडासाठी मध्ये मध्ये बसवलेले पारदर्शक पत्रे त्याहून फसवे, धुळीने मळले की ते बाकीच्यांत मिसळून जातात. धूर सोडायला छपरावर चढणाऱ्या जवानाला रात्रीच्या वेळी ते ओळखू येतील कसे?

आत काय आहे यावरही सांगाड्याचे भवितव्य अवलंबून असते. मोठ्या नळीतून मिनिटाला ४५० लिटर पाणी गेले तर दहा मिनिटांत साडेचार टन होते. ते वाहून गेले तर ठीक. सुताचे किंवा कापडाचे गठ्ठे पाणी पितात, जड होतात, फुगतात, आणि पोटमाळ्यावर असतील तर तो माळा आधीच तापलेल्या खांबांसह खाली येतो. शिवाय कापसाची गाठ बाहेरून विझली तरी आत तासन् तास धुमसत राहते. फौंड्रीत गणित वेगळे. तिथे वितळलेले लोखंड १४०० अंशांच्या वर असते. त्याच्याखाली पाणी सापडले तर त्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे १,७०० पट. धातूसकट सगळे उसळते. भट्टीचा खड्डा कुठे आहे हे न विचारता फवारा सोडणे म्हणूनच जीवघेणे ठरू शकते. कारखान्यातल्या भट्टीवाल्या कामगाराला हे पाठ असते. बंबावरच्या नव्या जवानाला कोणी तरी सांगावे लागते.

आणि धूर. आगीत मरणाऱ्यांपैकी पुष्कळजण भाजण्याआधी धुरानेच गेलेले असतात. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईच्या कमला मिल्समध्ये चौदा जण गेले, त्यांतले बहुतेक गुदमरून. थंडाव्यासाठी भिंतीत आणि छतात फोम भरलेली पॅनेल बसवतात. ती जळाली की धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडही येते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटते. इथे एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. कोविडपासून घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर या रुग्णात फसतो. त्याला कार्बन मोनॉक्साइड धरलेले रक्त आणि ऑक्सिजन धरलेले रक्त यांतला फरक कळत नाही. बोटावर ९८ दिसते आणि मेंदू उपाशी असतो. डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे वागणे ही लक्षणे यंत्रापेक्षा खरी. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, घट्ट मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून आकडा चांगला आहे असे म्हणून रुग्णाला घरी नेऊ नये. आवाज बसला असेल, नाकात काजळी असेल, भुवया जळाल्या असतील तर घसा आतून सुजत असतो. अशा रुग्णाची श्वासनलिका सूज वाढण्याआधी नळी घालून मोकळी ठेवावी लागते. दोन तासांनी तीच नळी जात नाही.

ढिगाऱ्याखाली पाय अडकलेल्याचे दुखणे आणखी वेगळे. बराच वेळ दबलेल्या स्नायूंतले पोटॅशियम, ओझे उचलताच, रक्तात धावते आणि हृदय थांबवू शकते. अशा माणसाला शक्य असेल तर आधी सलाईन सुरू करून मगच मोकळे करतात. त्यामुळे पथकाबरोबर वैद्यकीय मदत ढिगाऱ्यापर्यंत पोहोचायला हवी, गेटवर थांबून उपयोग नाही.

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. सिलिंडर भरलेले आहेत, पाण्याच्या नळाला दाब आहे, हे त्यात येते आणि ते हवेच. पण गेल्या वर्षी कारखान्यात वेल्डिंग करून जो पोटमाळा टाकला, त्याचे ओझे कोणत्या खांबावर आहे? शेड वाढवताना कोणता जुना खांब काढला? हे मालकाला आणि फॅब्रिकेटरलाच माहीत असते, आणि आग लागते तेव्हा दोघेही बहुधा घरी झोपलेले असतात. गेटवरच्या रखवालदाराच्या खोलीत एक कागद लावला तरी पुष्कळ झाले: छप्पर कशाचे, माळा कुठे, भट्टी कुठे, रसायने कुठे, वीज कुठून तोडायची, रात्रपाळीला माणसे किती. स्थानिक अग्निशमन केंद्राच्या नव्या जवानांना वर्षातून एकदा शेडमधून फिरवून आणले, तर तो कागद त्यांना वाचायलाही लागणार नाही.

आम्हा डॉक्टरांनाही अशीच माहिती हवी असते. जखमीला घेऊन येणाऱ्याने ‘कारखान्यात आग लागली’ एवढे सांगून पुरत नाही. काय जळत होते, माणूस बंद जागेत होता की उघड्यावर, किती वेळ, बेशुद्ध पडला होता का, वरून पडला का, अंगावर काही कोसळले का, हे सांगावे. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी घातले का, तेही. टूथपेस्ट, शाई, हळद लावलेली असेल तर लपवू नये. ती आम्हाला धुऊनच काढावी लागते.