मॅटलॅब, पायथन की ज्युलिया? ताथवड्यातल्या विद्यार्थ्यापुढचा प्रश्न आणि त्यामागचं गणित

मुंबई-बंगळुरू महामार्गालगतचं ताथवडे अशा ठिकाणी आहे की एका अंगाला हिंजवडीचं आयटी पार्क आणि दुसऱ्या अंगाला पिंपरी-चिंचवड, तिथून पुढे चाकणचे वाहन कारखाने. मध्ये राजर्षी शाहू अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्था. इथल्या मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक प्रश्न गाठतोच: नेमकं कोणतं सॉफ्टवेअर शिकायचं? क्लासच्या जाहिराती पायथन म्हणतात, नोकरीच्या जाहिरातींत मॅटलॅब आणि सिम्युलिंक दिसतं, कुणी तरी ज्युलियाचं नाव घेतं, आणि आता तर 'एआय कोड लिहून देतंच की' असंही ऐकू येतं.

प्रश्न फक्त आवडीनिवडीचा नाही. त्यात दोन वर्षांची मेहनत, परवान्याचे पैसे आणि पहिली नोकरी अडकलेली असते. त्याचं उत्तर शोधण्याआधी गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात काय बदललं, ते पाहायला हवं.

हे सॉफ्टवेअर नेमकं करतं काय?

एक साधं उदाहरण घेऊ. गाडी गतिरोधकावरून गेली की किती उसळेल? स्प्रिंग किती कडक हवी आणि शॉक अॅब्सॉर्बर किती घट्ट हवा? या प्रश्नाचं समीकरण दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात असतं. पण खरा रस्ता, खरं टायर आणि खरा शॉक अॅब्सॉर्बर आला की ते कागदावर सुटत नाही. मग संगणक वेळेचे बारीक तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यानंतर चाक कुठे असेल, याचा हिशोब मांडतो.

दहा सेकंदांचा प्रवास एक-एक मिलिसेकंदाच्या पायऱ्यांनी मोजायचा तर १०,००० पायऱ्या होतात. स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरच्या १,००० जोड्या तपासायच्या असतील तर १ कोटी पायऱ्या. हे झालं एका चाकाचं. अख्खी गाडी, इंजिन, ब्रेक किंवा बॅटरी तपासायची तर आकडा कुठल्या कुठे जातो.

म्हणून अशा कामाच्या भाषेकडून दोन अपेक्षा असतात. ती इंजिनिअरला सहज लिहिता यावी आणि हिशोब झपाट्यानं व्हावा. वर्षानुवर्षं या दोन गोष्टी एका जागी मिळत नव्हत्या.

'दोन भाषांचा प्रश्न' म्हणजे काय?

वैज्ञानिक हिशोबासाठी रुळलेली पहिली मोठी भाषा म्हणजे फोरट्रान. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या चमूनं ती १९५७ मध्ये आणली. ती वेगवान होती आणि आजही आहे. ताथवड्यापासून फार दूर नसलेल्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ मध्ये 'अर्का' हा ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक सुरू झाला. हवामानाच्या जगभरातल्या मोठ्या मॉडेलांप्रमाणे इथल्या मॉडेलांचाही बराच भाग फोरट्रानमध्येच लिहिलेला आहे. म्हणजे मान्सूनचा अंदाज आजही साठीपार भाषेच्या खांद्यावर उभा आहे.

पण फोरट्रानमध्ये छोटासा प्रयोग करून पाहायचा तरी बराच खटाटोप लागतो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवणाऱ्या क्लीव्ह मोलर यांना १९७० च्या दशकाच्या अखेरीस हीच अडचण आली. फोरट्रान न लिहिता विद्यार्थ्यांना फोरट्रानमधली गणिती साधनं वापरता यावीत, म्हणून त्यांनी एक सोपा मुखवटा तयार केला. तोच मॅटलॅब. १९८४ मध्ये मॅथवर्क्स ही कंपनी स्थापन झाली आणि मॅटलॅब बाजारात आलं.

पायथनची गोष्टही अशीच आहे. ही भाषा वाचायला सोपी, पण संगणक तिची एकेक ओळ वाचून, अर्थ लावून मग काम करतो. त्यामुळे साध्या फेऱ्यांच्या कामात ती सी भाषेच्या तुलनेत दहापट, कधी शंभरपटही मागे पडते. त्यावर नमपाय या संचानं तोडगा काढला. हजारो आकड्यांची रांग एकगठ्ठा सीमध्ये लिहिलेल्या भागाकडे सोपवायची, तिथे हिशोब व्हायचा आणि उत्तर परत पायथनकडे यायचं.

ही युक्ती गठ्ठ्याच्या कामाला छान चालते. गतिरोधकाच्या उदाहरणात मात्र ती अडते. चाकाची पुढची जागा आधीच्या जागेवरून ठरते, त्यामुळे १०,००० पायऱ्या एकदम सोपवताच येत नाहीत. त्या एकामागून एकच चढाव्या लागतात. मग इंजिनिअर आधी पायथन किंवा मॅटलॅबमध्ये विचार मांडतो आणि वेग हवा म्हणून तेच पुन्हा सीमध्ये लिहितो किंवा लिहून घेतो. एकच काम दोनदा होतं आणि दुसऱ्यांदा लिहिताना नव्या चुका शिरतात. याला 'दोन भाषांचा प्रश्न' म्हणतात.

मग नवं काय आलं?

या प्रश्नाला थेट भिडणारी भाषा म्हणजे ज्युलिया. जेफ बेझान्सन, स्टीफन कारपिन्स्की, विरल शाह आणि अॅलन एडलमन या चौघांनी ती २०१२ मध्ये जाहीर केली. यांतले विरल शाह भारतीय असून 'आधार'च्या कामातही त्यांचा सहभाग होता. ज्युलियाची १.० आवृत्ती २०१८ मध्ये आली. २०१९ मध्ये बेझान्सन, कारपिन्स्की आणि शाह यांना संख्यात्मक सॉफ्टवेअरसाठीचा जेम्स विल्किन्सन पुरस्कार मिळाला.

ज्युलियाची मेख अशी: एखादं फंक्शन पहिल्यांदा चालवलं की त्यात आलेले आकडे कोणत्या प्रकारचे आहेत, हे पाहून ती त्याच प्रकारासाठी यंत्रभाषेतला कोड बनवते. पूर्णांक असतील तर वेगळा, दशांश असतील तर वेगळा. पुढच्या वेळी तयार कोडच धावतो. त्यामुळे लिहायला पायथनसारखी, पण नीट लिहिली तर धावायला सीच्या जवळपास.

त्याची किंमत पहिल्याच वेळी मोजावी लागायची. प्रोग्रॅम सुरू केला की पहिला आलेख पडद्यावर यायला बराच वेळ लागे आणि नवखे कंटाळून निघून जात. २०२३ च्या १.९ आवृत्तीपासून तयार झालेला यंत्रकोड जपून ठेवता येऊ लागला आणि ही तक्रार बरीच कमी झाली. २०२५ च्या १.१२ आवृत्तीत वापरात नसलेला भाग छाटून लहान, स्वतंत्र प्रोग्रॅम बनवण्याची सोय प्रायोगिक स्वरूपात आली.

पायथनही स्वस्थ बसलेली नाही. तिच्यात एक जुनी अडचण होती. संगणकात आठ गाभे असले तरी एका प्रोग्रॅममधला पायथनचा कोड एका वेळी एकाच गाभ्यावर चाले. एखाद्या कचेरीत आठ कारकून असावेत आणि शिक्का मात्र एकच, तसं. शिक्का ज्याच्या हातात त्याचंच काम पुढे सरकणार. हा शिक्का काढून टाकलेली आवृत्ती ऑक्टोबर २०२४ च्या पायथन ३.१३ मध्ये प्रयोग म्हणून आली. ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये तिला अधिकृत पाठिंबा मिळाला. ती अजून ऐच्छिकच आहे, पण दिशा स्पष्ट झाली आहे.

थोडक्यात, सोपी भाषा आणि वेगवान भाषा यांच्यातली दरी बुजत चालली आहे.

तरी वाहन कंपन्या मॅटलॅब का सोडत नाहीत?

कारण त्यांचं काम हिशोबाशी संपत नाही. आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, बॅटरी यांच्यावर छोटे संगणक नियंत्रण ठेवतात. १ एप्रिल २०२० पासून देश बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर गेला, तेव्हा इंजिनात किती इंधन कधी सोडायचं आणि धुरावर प्रक्रिया कशी करायची, याचे नियम कितीतरी काटेकोर झाले. हे सगळं त्या छोट्या संगणकातला कोड ठरवतो आणि तो बहुतेक सी भाषेत असतो.

सिम्युलिंकमध्ये इंजिनिअर चौकोन आणि बाण जोडून नियंत्रणाची आकृती काढतो. आधी ती संगणकावरच तपासतो आणि मग तिच्यापासून सी कोड आपोआप बनवून घेतो. म्हणजे दोन भाषांचा प्रश्न इथे दुसऱ्या वाटेनं सोडवला आहे. सुरक्षेशी संबंधित भागांसाठी आयएसओ २६२६२ सारखी मानकं पाळावी लागतात, आणि कोणत्या साधनानं काय तपासलं याची नोंद दाखवावी लागते. वर्षानुवर्षांची मॉडेलं, तपासण्या आणि माणसांचा हात या साधनावर बसलेला असतो. नवी भाषा वेगवान आहे एवढ्यावर हा संसार कुणी हलवत नाही.

इथेही एक खिडकी उघडली आहे. एफएमआय नावाचं खुलं मानक २०१० मध्ये आलं आणि त्याची तिसरी आवृत्ती २०२२ मध्ये. त्यानुसार एका सॉफ्टवेअरमध्ये बनवलेलं मॉडेल बंद डब्यासारखं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडता येतं. सुटे भाग पुरवणाऱ्या उद्योजकाला आपलं गुपित न उघडता मोठ्या कंपनीला मॉडेल देता येतं. दोघांकडे एकच सॉफ्टवेअर असण्याची गरज त्यामुळे कमी होते.

परवान्याचा प्रश्न किती मोठा?

कॉलेजात मॅटलॅब असेल तर विद्यार्थ्याला त्याची किंमत जाणवत नाही. पदवी हातात पडली की कॉलेजचा परवाना सुटतो. भोसरी-चाकणच्या लहान वर्कशॉपला तर परवाना, वर लागणारे जोडसंच आणि त्यांचं नूतनीकरण हा हिशोब दरवेळी मांडावा लागतो.

प्रश्न पैशांपुरताही नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे चीनमधल्या हार्बिन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतला मॅटलॅबचा वापर बंद पडला. ज्या साधनावर संशोधन आणि शिकवणं उभं आहे, ते दुसऱ्या देशातल्या निर्णयानं हातातून जाऊ शकतं, हे तेव्हा जगानं पाहिलं.

खुले पर्याय जुनेच आहेत. ऑक्टेव्ह आणि फ्रान्समध्ये जन्मलेलं सायलॅब ही दोन्ही १९९० च्या दशकापासून आहेत. मॅटलॅबचा साधा कोड ऑक्टेव्हमध्ये बराचसा तसाच चालतो. सिम्युलिंकची मॉडेलं मात्र चालत नाहीत. सायलॅबमध्ये आकृत्या काढण्यासाठी एक्सकॉस आहे, पण त्याचा पसारा सिम्युलिंकएवढा नाही.

महाराष्ट्रात या बाबतीत मोठं काम झालं ते पवईला. आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पानं केंद्र सरकारच्या निधीतून अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं देशभरच्या विद्यार्थ्यांकडून सायलॅबमध्ये लिहून घेतली आणि सर्वांसाठी मोफत खुली केली. प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकारानं सुरू झालेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पानं सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या छोट्या ध्वनिचित्रफिती भारतीय भाषांत आणल्या. सायलॅबचे धडे त्यात मराठीतही आहेत. इंग्रजी माध्यमाची सवय नसलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलाला याचा किती आधार होतो, हे वेगळं सांगायला नको.

एआय कोड लिहून देईल, मग शिकायचं कशाला?

एआय साहाय्यक आता कोड चटकन लिहितात. २०२५ पासून मॅटलॅबमध्येही असा साहाय्यक आहे. ज्युलिया येत नसली तरी पायथनमधला कोड तिच्यात उतरवून मिळतो. त्यामुळे भाषेचं व्याकरण पाठ असण्याची किंमत नक्कीच घटली आहे.

पण पुन्हा गतिरोधकाकडे येऊ. धक्का बसल्यावर चाक सेकंदाला साधारण दहा-बारा वेळा थरथरतं. कुणी वेळेची पायरी एक मिलिसेकंदाऐवजी दशांश सेकंदाची ठेवली तर एका पायरीत चाकाचं एक अख्खं कंपन उरकून जातं. एखादी पद्धत अशा वेळी आकडे आभाळाला नेते. ते बरं, कारण चूक दिसते तरी. दुसरी पद्धत गुळगुळीत, पटण्याजोगा आलेख काढून देते आणि त्यात ती थरथर नसतेच. कोड बिनचूक असतो, कोणतीही सूचना येत नाही आणि उत्तर चुकलेलं असतं. मॅटलॅब, पायथन किंवा ज्युलिया, यांपैकी काहीही वापरलं तरी हे घडू शकतं.

हे पकडायचे उपाय साधे आहेत. पायरी निम्मी करून पुन्हा चालवायचं आणि उत्तर हलतं का ते पाहायचं. कागदावर सुटणारं सोपं उदाहरण आधी घ्यायचं आणि तेच उत्तर येतं का ते ताडून पाहायचं. एकक तपासायचं. ही सवय असलेला इंजिनिअर कोणत्याही भाषेत टिकतो आणि एआयनं लिहिलेल्या कोडलाही प्रश्न विचारू शकतो.

मग विद्यार्थ्यानं काय करावं?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंगची ओळख पायथनमधून होती. तो पाया पक्का करणं शहाणपणाचं, कारण ती मोफत आहे आणि पदवीनंतरही सोबत राहते. वाहनांच्या नियंत्रण प्रणालीत जायचं असेल तर कॉलेजचा परवाना हातात असेपर्यंत सिम्युलिंकवर हात बसवून घ्यावा, आणि जोडीला सी भाषा यावी, कारण गाडीत शेवटी तीच चालते. संशोधनाकडे किंवा जड सिम्युलेशनकडे ओढा असेल तर ज्युलियाला एक सुट्टी द्यायला हरकत नाही.

क्रम कोणताही निवडला तरी एक प्रयोग सर्वांनी करून पाहावा असा आहे. गतिरोधकाचा तोच प्रश्न ऑक्टेव्ह, पायथन आणि ज्युलिया या तिन्ही मोफत भाषांत सोडवायचा, पायरी बदलत जायचं आणि उत्तरं शेजारी शेजारी मांडायची. एक-दोन संध्याकाळींचं काम आहे. कुठे वेळ जातो, कुठे उत्तर घसरतं आणि कोणत्या भाषेत आपला हात चालतो, हे त्यातून ज्याचं त्याला कळतं.