शिळा ऊस आणि बिघडलेला दाणा



साखरेचा दाणा टपोरा, चकचकीत व एकसारखा असला तर बाजारात त्याला मागणी असते, हे आपण जाणताच. कधी कधी मात्र दाणा लांबट, सुईसारखा पडतो. मग म्हणतात, "पॅनमनचा हात चुकला." तसेही घडते, पण पुष्कळदा हा दोष फडातूनच आलेला असतो. तो कसा, हे कळण्यासाठी स्फटिक वाढतो कसा ते आधी पाहू.

स्फटिक म्हणजे अतिसूक्ष्म कणांची शिस्तीत रचलेली थप्पी. दाट पाकात साखरेचे कण दाण्याच्या प्रत्येक बाजूवर थरावर थर बसत जातात. एखाद्या बाजूला परका पदार्थ चिकटला की तिची वाढ अडते, बाकीच्या बाजू वाढतच राहतात आणि साऱ्या दाण्याचा आकार पालटतो.

सजीव सृष्टी हीच युक्ती वापरते. कच्चे अळू खाल्ले की घसा खवखवतो, कारण त्याच्या काही पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांच्या जुड्या असतात. त्याच अळूच्या दुसऱ्या पेशींत तोच पदार्थ चांदणीसारख्या गड्ड्यांच्या रूपात असतो. पदार्थ एकच, पण प्रत्येक पेशीतला साचा वेगळा. कोंबडीच्या अंड्याचे कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आतल्या पापुद्र्यावरच्या ठराविक ठिपक्यांपासून स्फटिक सुरू होतात, प्रथिने त्यांना वळण लावतात आणि सुमारे 20 तासांत कवच पुरे होते. तेच कॅल्शियम कार्बोनेट शिंपल्याच्या आत पातळ चकत्यांचे थर होऊन मोत्यासारखे चमकते. सुरुवात कोठे करायची, जागा किती द्यायची आणि कोणती बाजू अडवायची, या तीन गोष्टी जीव आपल्या हाती ठेवतो.

आता आपल्या उसाकडे येऊ. तोडलेल्या कांडीच्या तोंडावर ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू बसतात. 1878 साली फ्रेंच शास्त्रज्ञ व्हान टीगेम यांनी या जिवाणूंना हे नाव दिले. साखरेच्या कणात ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन भाग जोडलेले असतात. हे जिवाणू त्यातले ग्लुकोज काढून त्याच्या लांब साखळ्या गुंफतात. हाच डेक्स्ट्रान, बुळबुळीत व चिकट. म्हणजे तेवढी साखर तर गेलीच, शिवाय उरलेल्या साखरेचीही वाट अडली. रस घट्ट होतो, गाळणीवर तुंबतो, पॅन उकळायला वेळ लागतो. डेक्स्ट्रान दाण्याच्या काही बाजूंना चिकटतो आणि दाणा एकाच दिशेने लांबत जातो. असे लांबट दाणे सेंट्रिफ्युगल मशीनमध्ये दाटून बसतात, मळी नीट सुटत नाही आणि बरीच साखर मळीबरोबर निघून जाते.

आणखी एक फसवणूक ध्यानात घ्या. प्रयोगशाळेतील पोल मोजणाऱ्या यंत्राला डेक्स्ट्रानही साखरेसारखाच दिसतो, किंबहुना जास्तच. त्यामुळे आकडा चांगला, पण पोती कमी, असा प्रकार होतो.

एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. म्हणून एकाच्या शिळ्या उसाचा फटका सगळ्यांना बसतो, ताजा ऊस देणाऱ्यालासुद्धा. तेव्हा एवढे करावे:

1. तोडणीची चिठ्ठी हाती आल्याखेरीज कोयता लावू नये. तोडलेला ऊस शक्यतो 24 तासांच्या आत गव्हाणीत पडावा.

2. ऊस पेटवून तोडू नये. जळालेल्या उसाची साल तडकते व जिवाणूंना वाट मोकळी होते. अपघाताने जळालाच तर त्याच दिवशी गट ऑफिसला कळवावे.

3. मोळीत माती, पाचट व वाढे राहू देऊ नयेत. जिवाणू मातीबरोबरच येतात.

4. उसाचे बारीक तुकडे करू नयेत. जितकी तोंडे जास्त, तितका शिरकाव जास्त.

5. वाहन अडले तर मोळ्या उन्हात न टाकता सावलीत ठेवून पाचटाने झाकाव्यात.

कारखान्याच्या बाजूनेही यार्डात गाड्या थांबून राहू नयेत आणि मिलखालची गटारे वेळोवेळी धुतली जावीत, नाहीतर तेथेही हेच जिवाणू वाढतात. गाडी विनाकारण रखडली तर सभासदांनी वेळ लिहून ठेवून शेतकी खात्याकडे जरूर तक्रार करावी. ताज्या उसाला रांगेत शिळे होऊ देणे हा सर्वांचाच तोटा आहे.

— ऊस विकास अधिकारी