वायर आधी, फरशी मग

जुनी मोझॅकची फरशी काढून व्हिट्रिफाइड टाइल्स बसवायचं ठरलं, की घरात चर्चा रंगते ती रंगाची, चकाकीची आणि दोन बाय दोन घ्यायची की चार बाय दोन, याची. स्पीकरच्या वायरींची आठवण होते ती टाइल्स बसून, सांधे भरून, गवंडी हिशेब करून गेल्यावर. मग सोफ्यामागच्या दोन स्पीकरच्या वायरी सतरंजीखालून, दाराच्या चौकटीवरून, नाहीतर स्कर्टिंगला टेपनं चिकटवून न्याव्या लागतात. जुनी फरशी निघून नवी बसेपर्यंत जे काही दिवस स्लॅब उघडा असतो, तेवढ्यात हे काम किरकोळ खर्चात होतं. नंतर तेच करायचं तर टाइल फोडावी लागते, आणि फोडलेल्या टाइलची जोडी बाजारात मिळेलच असं नाही.

नेहमीचा टू बीएचके डोळ्यांसमोर आणा. हॉल साधारण 11 बाय 16 फुटांचा. एका लांब भिंतीवर टीव्ही, समोरच्या लांब भिंतीला सोफा. आखूड बाजूंपैकी एकीकडे बाल्कनीचं सरकतं दार, दुसरीकडे आतल्या खोल्यांकडे जाणारा पॅसेज. फाइव्ह पॉइंट वनमधले पुढचे तीन स्पीकर टीव्हीच्याच भिंतीला असतात, सबवूफरही बहुधा तिथेच ठेवतात. त्यांच्या वायरी टीव्ही युनिटच्या मागे सहज दडतात. खरा प्रश्न मागच्या दोघांचा. ऐकणाऱ्याच्या नाकासमोर शून्य अंश धरले, तर हे दोन स्पीकर दोन्ही बाजूंना 110 ते 120 अंशांवर हवेत, म्हणजे कडेला आणि जरासे मागे. सोफा भिंतीला टेकलेला असला की हे पूर्ण साधत नाही, भिंतीच्या कोपऱ्यांवर समाधान मानावं लागतं. म्हणून आधी सोफ्याची जागा नक्की करा. वर्षभरात सोफा समोरच्या भिंतीला नेणार असाल, तर हा सगळा खटाटोप आत्ताच थांबवा.

वायर भिंतीच्या कडेनंच न्यायची. फरशीखालून तिरकी नेली तर थोडी वाचते हे खरं, पण पाच वर्षांनी घरात कोण ड्रिल घेऊन येईल आणि कुठे भोक पाडेल, याचा भरवसा नसतो. कडेकडेनं गेलेल्या वायरीचा अंदाज कुणालाही बांधता येतो. या हॉलमध्ये दोन्ही आखूड बाजूंना दारं आहेत, त्यामुळे एक दार ओलांडणं भागच आहे. दोनदा ओलांडण्यापेक्षा दोन्ही वायरी एकाच बाजूनं सोफ्याच्या भिंतीपर्यंत न्याव्यात आणि तिथून एक पुढच्या कोपऱ्यापर्यंत. बाजू पॅसेजची घ्या. जुलैतल्या पावसाचं पाणी बाल्कनीच्या दाराच्या रुळातून आत झिरपतं, तिथे पाइप नको. बाथरूमच्या फरशीतून तर नकोच नको. तिथलं वॉटरप्रूफिंग फुटलं तर खालच्या मजल्यावरचे शेजारी जिना चढून येतील.

आता मोजमाप. या वाटेनं जवळच्या स्पीकरला सात-आठ मीटर वायर लागते, लांबच्याला बारा-तेरा. वायरीची जाडी या लांबीवरून ठरते. विक्रेते शुद्धतेच्या आणि सोनेरी टोकांच्या कितीही गोष्टी सांगोत, बघायचा तो विरोध. जाता-येता दोन्ही तारांचा मिळून विरोध स्पीकरच्या ओहमच्या 5 टक्क्यांच्या आत राहिला की पुरे. दीड स्क्वेअर एमएमच्या लवचिक तांब्याच्या तारेचा विरोध किलोमीटरला 13.3 ओहम असतो. 13 मीटरच्या वायरीत तार जाऊन-येऊन 26 मीटर होते, विरोध भरतो सुमारे 0.35 ओहम. आठ ओहमच्या स्पीकरसाठी हे 4 टक्क्यांच्या थोडं वर, म्हणजे चालण्यासारखं. अडीच स्क्वेअर एमएम घेतली तर तोच आकडा 0.21 ओहमवर येतो. एकदा पुरली की वायर सहज बदलत नाही, तेव्हा मी अडीचच घ्यावी म्हणेन. सहा ओहमच्या स्पीकरलाही मग ती पुरते. मात्र वायर अख्ख्या तांब्याची हवी. स्वस्तात मिळते ती पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते, आणि त्याच जाडीला तिचा विरोध दीडपटीहून जास्त असतो. टोक सोलून एक तार चाकूनं खरवडा. आत पांढरं निघालं तर परत करा.

वायर उघडी मालात गाडू नये. गवंडी म्हणतो, ‘टाका तशीच, वर सिमेंट येणारच आहे.’ पण मग ती कायमची अडकते. टाइल कापताना कटर लागला, उंदरानं टोक कुरतडलं, उद्या दुसरी वायर हवी झाली, तर काहीच करता येत नाही. आयएसआय मार्कचा 25 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घाला. दोन वायरी त्यात आरामात मावतात आणि पाइपचा अर्ध्याहून अधिक भाग मोकळा राहतो, म्हणूनच त्या पुढे ओढता येतात. कोपऱ्यात काटकोनी एल्बो लावू नका, लांब वळणाचा बेंड लावा. एका ओढीत दोनपेक्षा जास्त वळणं आली तर मध्ये एक बॉक्स काढा. घराच्या 230 व्होल्टच्या वायरी याच पाइपात घालायला इलेक्ट्रिशियन एका पायावर तयार असतो. त्याला ठाम नाही म्हणा. स्पीकरच्या वायरीत गुणगुण सहसा शिरत नाही, ती भीती सबवूफरच्या बारीक सिग्नल वायरीला जास्त. इथे प्रश्न सुरक्षिततेचा आहे: इन्शुलेशन कुठे घासलं, तर मेनचा करंट थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या अंगावर येईल. विजेच्या पाइपाला समांतर जायचं असेल तर फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचं असेल तर काटकोनात.

फरशीखाली जागा किती? मोझॅक उखडल्यावर नव्या टाइलखाली साधारण दीड ते दोन इंच माल येतो. पाइप स्लॅबवर ठेवून मीटर-मीटरवर मालाचे गोळे लावून पक्का करायचा, म्हणजे काम चालू असताना तो उचलला जात नाही. त्यावर निदान अर्धा इंच माल उरायला हवा. तेवढा नसेल तर तिथे टाइल पोकळ वाजते आणि जड कपाटाचा पाय आला की तडकते. जागा कमी पडली तर 20 मिलिमीटरचे दोन पाइप शेजारी टाका, पण स्लॅबला छिन्नी लावू देऊ नका; खाली सळ्या आहेत आणि ते छत दुसऱ्याचं आहे. सांधे सोल्यूशननं चिकटवा, नाहीतर सिमेंटचं पाणी आत शिरून घट्ट होतं. टोकं फरशीच्या वर वीतभर ठेवून कापडाचा बोळा कोंबा आणि वरून टेप मारा.

हे झालं दाराखालचं. उरलेल्या भिंतीलगत पाइप फरशीत न टाकता स्कर्टिंगमागच्या प्लास्टरमध्ये खाच पाडूनही नेता येतो. खाच स्कर्टिंगच्या उंचीतच ठेवायची, म्हणजे रंगाला हात लागत नाही. स्पीकरपाशी भिंतीत मेटल बॉक्स आणि वर स्पीकर टर्मिनलची प्लेट. बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडं वर, जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर, ही प्लेट शोभते.

हल्ली जुनी फरशी न काढता तिच्यावरच अ‍ॅडहेसिव्हनं टाइल चिकटवतात. तिथे जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा थर असतो, पाइपाला जागाच नाही. मग फक्त दारापुरती जुनी फरशी पट्टीभर कापून उचलायची, खालचा माल काढून पाइप टाकायचा, पुन्हा माल भरून पाण्यावर ठेवायचा आणि तो वाळल्यावर बाकीच्या कामात मिसळून टाकायचा. लॅमिनेटची गोष्ट वेगळी. त्याला भिंतीलगत आठ-दहा मिलिमीटरची फट लागतेच, कारण दमट हवेत ते फुगतं. ती फट वायरींनी भरून टाकली तर पावसाळ्यात जमीन उचलली जाते. त्यापेक्षा मागून खाच असलेली पीव्हीसी किंवा एमडीएफची स्कर्टिंग घ्या. वायर फटीत न पडता त्या खाचेत बसते, आणि स्कर्टिंग स्क्रूची असल्यास कधीही उघडता येते.

वायरलेसच घेऊ, असं कुणीतरी सुचवतंच. घ्या. पण त्या स्पीकरलाही वीज लागते, म्हणजे सोफ्यामागे प्लग हवाच; त्याची सोय याच दिवसांत करा, वेगळ्या पाइपातून.

माल पडण्याआधी पाइपातून नायलॉनची दोरी ओढून ठेवा आणि टेप जमिनीवर धरून प्रत्येक वळणाचे फोटो काढा. टाइल्स बसल्यावर दोरीला वायरी बांधून दोन माणसांनी ओढायच्या, एकानं ढकलायचं, दुसऱ्यानं खेचायचं. दोरी मात्र परत आत सोडायची. दोन्ही टोकांना ‘डावा’, ‘उजवा’ लिहून हातभर वायर बॉक्समध्ये गुंडाळून ठेवा. शेवटी स्पीकर जोडून अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, लाल तारेला प्लस. पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर. आत गेला तर कुठेतरी लाल-काळी उलटली आहे. ती तशीच राहिली तर दोन स्पीकर एकमेकांचा खर्ज मारत बसतात. गवंड्याचा शेवटचा हप्ता या चाचणीनंतर द्या.