भाग ७ : काढ्याला आच कोणती?

मागच्या भागानंतर बहुतेकांचा प्रश्न एकच होता : "साहेब, बिअरसाठी गॅस घ्यावा की इंडक्शन?"

आधी कायदा. इथे बेंगळुरूत कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. महाराष्ट्रातही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो. मी हे काम शिकलो ते परदेशात, मुलाकडे. तिथे घरी बिअर करायला मुभा आहे. इथल्या स्वयंपाकघरात मी फक्त पाणी उकळून मोजमाप केले. उष्णतेचा हिशेब त्यातूनही कळतो.

आचेला दोन कामे असतात. पहिले, मोड आणून वाळवलेल्या सातूचा भरडा ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवणे. इथे आच मंद आणि काबूत हवी. दुसरे, गाळलेला गोड काढा हॉप्स घालून तासभर खळखळ उकळणे. इथे आच जोरदार हवी आणि झाकण उघडे हवे, म्हणजे नको असलेला वास वाफेबरोबर निघून जातो.

आता आकडे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच, म्हणून पाणी इथे साधारण ९७ अंशांना उकळते. २५ अंशांचे २० लिटर पाणी तिथवर न्यायला सुमारे १.७ युनिट उष्णता लागते. पण त्यातले फक्त ३ लिटर वाफ होऊन जायला आणखी १.९ युनिट! तापवण्यापेक्षा उकळत ठेवणे महाग पडते. हे न कळल्यामुळेच लोक लहान शेगडी घेतात, काढा नुसता गदगदत राहतो आणि मग दोष हॉप्सला देतात.

२००० वॅटच्या इंडक्शनवर १० लिटर अर्ध्या-पाऊण तासात उकळते आणि खळखळ टिकते. २० लिटरला सव्वा तास लागतो आणि उकळी जेमतेम राहते. प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटले पाहिजे. ॲल्युमिनियमचे पातेले चालणार नाही. बादलीत टाकायचा हीटर रॉड काढ्यात नको : साखर रॉडवर करपते, शिवाय शॉकचा धोका.

घरच्या गॅस शेगडीवर मोठे पातेले बर्नर झाकून टाकते, म्हणून वेळ आणि गॅस दोन्ही वाया. वीस लिटरला केटरिंगवाल्यांची भट्टी उत्तम, पण ती फक्त उघड्यावर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. घरगुती सिलिंडरला हाय-प्रेशर रेग्युलेटर लावण्याचा जुगाड तर अजिबात नको.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका उंच चौकीत थंडीमुळे जवानांनी खोलीच्या सगळ्या फटी बुजवून रात्री बुखारी पेटवली. सकाळी पहाऱ्याचा शिपाई हाक मारायला गेला तेव्हा तिघे अर्धवट शुद्धीत, डोके फुटतेय म्हणत उलट्या करत होते. दार उघडले म्हणून वाचले. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. काचा लावून बंद केलेली फ्लॅटची बाल्कनी म्हणजे तशीच खोली. तिथे तास-दीड तास भट्टी पेटवणाऱ्याला मी बेधडक मूर्ख म्हणेन.

तेव्हा हिशेब सोपा. फ्लॅट असेल तर इंडक्शन आणि १० लिटर. अंगण किंवा मोकळी गच्ची असेल तर भट्टी आणि २० लिटर. दोन्हीकडे भांडे काढ्याच्या दीडपट मोठे घ्या. पहिल्या उकळीला फेस दुधासारखा वर येतो. त्या दहा मिनिटांत फोन घ्यायचा नाही, पातेल्यापाशी उभे राहायचे. पहारा म्हणजे पहारा.

पुढच्या भागात उकळता काढा झटपट गार कसा करायचा ते पाहू. जय हिंद.