वॉर्सा येथील दुधाचे बार

युरोपचा प्रवास करून आलेले आपले गृहस्थ तेथील राजवाडे, चित्रशाळा आणि आगगाड्या यांचे वर्णन भरभरून करितात. परंतु दुपारी बारा ते तीनच्या सुमारास तेथील सामान्य कारकून, विद्यार्थी अथवा निवृत्तिवेतनावर दिवस काढणारी वृद्ध स्त्री काय खाते, कोठे खाते आणि त्यास तिला काय पडते, हे विचारले असता ते बहुधा निरुत्तर होतात. आमच्या मते एखाद्या शहराची खरी परीक्षा तेथील मेजवानीवरून होत नसून तेथील गरिबाच्या माध्यान्हीच्या जेवणावरून होते. पोलंडची राजधानी वॉर्सा येथे उन्हाळ्यात काही दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा हाच प्रश्न मनात धरून आम्ही दुपारचे जेवण रोज तेथील ‘बार म्लेच्नी’ म्हणजे दुधाच्या बारांतच घेण्याचे ठरविले.

‘बार’ हा शब्द वाचताच आमच्या काही वाचकांच्या भुवया वर चढल्या असतील. त्यांनी निश्चिंत असावे. आम्ही जेवलो त्या बारांत मद्याचा थेंबही मिळत नव्हता. केफिर नावाचे आंबट दूध, साधे विरजलेले दूध आणि फळे उकळून केलेले ‘कोंपोत’ नावाचे पाणी एवढीच काय ती पेये. शिवाय पोलिश लोक आपल्या प्रांतास अगदीच परके आहेत असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात रशियाने हद्दपार केलेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांची, त्यांतही मुख्यत्वे स्त्रिया व मुले यांची वसाहत 1943 ते 1948 पर्यंत कोल्हापुरानजीक वळिवडे येथे होती, आणि तिचे स्मारक आज वॉर्सा शहरात उभे आहे.

आता जेवणाची रीत सांगतो. आत शिरल्याबरोबर भिंतीवर मोठा फलक दिसतो. त्यावर पदार्थांची नावे आणि समोर प्रत्येकाचा दर, तोही अगदी ग्रोशापर्यंत, म्हणजे आपल्याकडे पैशापर्यंत म्हणावे तसा, लिहिलेला असतो. रांगेत उभे राहावे, गल्ल्यावरील बाईस पदार्थांची नावे सांगावी, पैसे द्यावे, पावती घ्यावी आणि ती पावती स्वयंपाकघराच्या खिडकीत नेऊन द्यावी. आतून बाई पदार्थाचे नाव मोठ्याने पुकारते. ते ऐकून आपले ताट आपण उचलावे आणि जेथे जागा मिळेल तेथे बसावे. मेजाशी अनोळखी माणूस बसलेला असला तरी संकोच करावयाचा नाही. जेवण झाल्यावर उष्टी ताटे दुसऱ्या खिडकीत नेऊन ठेवावयाची. वाढपी नाही, बक्षिसी नाही, गोड बोलणे तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी आमच्या तोंडून त्या कठीण पोलिश नावांचा उच्चार होईना, तेव्हा गल्ल्यावरील बाईने सुस्कारा टाकून आम्हांस एक बोट फलकाकडे दाखविण्यास खुणेने सांगितले. मागील रांग खोळंबली होती, तिने कुरकुर केली नाही. इतकेच तेथील आतिथ्य, आणि ते आम्हांस पुरेसे वाटले.

पदार्थांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण मराठी माणसाच्या जिभेस त्यांतील पुष्कळ गोष्टी ओळखीच्या लागतात. ‘पिएरोगी’ ही उकडलेली करंजीच होय. सारणात उकडलेला बटाटा, दह्याचा चक्का घट्ट करावा तसे पांढरे चीज आणि परतलेला कांदा. या प्रकारास ‘रुस्किए’ म्हणतात. हे नाव रशियावरून आलेले नसून रुथेनिया नामक जुन्या प्रांतावरून आलेले आहे. तथापि 2022 साली रशियाने युक्रेनवर स्वारी केल्यानंतर कित्येक उपाहारगृहांनी फलकावरील नाव बदलून ते ‘युक्रेनी’ असे केले. बटाटा व कणीक यांचे ‘कोपित्का’, चीज आणि पीठ यांचे ‘लेनिव्हे’ म्हणजे आळशी गोळे, चीज भरलेली गोड धिरडी, सफरचंद घालून शिजविलेला भात, काकडीची साईतील कोशिंबीर, आणि उन्हाळ्यात बीट व आंबट दूध यांचे गार सूप. हे सूप प्रथम पाहताच त्याच्या गुलाबी रंगाने आम्ही दचकलो, आणि पुढे रोज तेच मागविले. क्रुचा रस्त्यावरील ‘बांबिनो’ येथे ते घेतले त्या दिवसाचे आम्हांस विशेष स्मरण आहे. शाकाहारी वाचकांनी मात्र सावध असावे. अलीकडे या बारांत मांसाचे पदार्थही असतात, पुष्कळ सुपांचा आधार मांसरसच असतो, आणि पिएरोगीवर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालण्याची चाल आहे. तेव्हा खिडकीतच विचारून घ्यावे.

दराविषयी व्यापारी वाचकांस समजेल असे माप देतो. 2025 साली पोलंडात तासाची किमान मजुरी 30.50 झ्लॉटी होती. सूप, एक मुख्य पदार्थ आणि कोंपोत मिळून आमचे जेवण बहुधा एवढ्या रकमेच्या आतच आटोपले. म्हणजे सर्वांत कमी वेतनावरील मजुराने एक तास राबावे आणि पोटभर ऊन जेवावे. आपल्या शहरांत कोणत्या मजुरास किती तासांत कसले जेवण मिळते, हा हिशेब ज्याने त्याने आपल्या दुकानातील नोकरास विचारून करून पाहावा.

या संस्थेचा जन्म सरकारी कचेरीत झालेला नाही. वॉर्सा रशियाच्या झारच्या अमलाखाली असताना, 1896 साली, स्तानिस्वाफ द्वुझेव्स्की नावाच्या जमीनदाराने नोव्ही श्व्यात या मुख्य रस्त्यावर दूध, अंडी व पीठ यांच्या पदार्थांचे पहिले दुकान काढले. मालही खपला आणि स्वस्त जेवणही मिळू लागले. 1918 साली देश स्वतंत्र झाला, पुढे जागतिक मंदी आली, आणि अशी दुकाने वाढली. महायुद्धानंतर साम्यवादी राजवटीने ती आपल्या हाती घेतली व कामगारांच्या जेवणाचे साधन म्हणून चालविली. त्या काळच्या अव्यवस्थेची टवाळी स्तानिस्वाफ बारेया याने 1981 सालच्या ‘मिश’ या चित्रपटात केली आहे. त्यात दुधाच्या बारातील चमचे साखळीने बांधलेले आणि ताटल्या मेजास स्क्रूने जखडलेल्या दाखविल्या आहेत. ते दृश्य पोलिश माणसास अद्याप तोंडपाठ आहे. 1989 नंतर राजवट पालटली, परदेशी खाद्यगृहे आली आणि पुष्कळसे बार बंद पडले. जे उरले त्यांपैकी अनेक आज खाजगी व्यक्ती चालवितात. परंतु त्यांना सरकारी तिजोरीतून साहाय्य मिळते, आणि ते देण्याची पद्धत हीच आमच्या मते या सर्व प्रकरणातील मुख्य वस्तू होय.

हे साहाय्य जेवणाऱ्यास मिळत नाही. ते जिनसांवर मिळते. मांसरहित पदार्थांसाठी लागणारे दूध, पीठ, बटाटे, भाजी इत्यादी मालाच्या किमतीचा काही भाग सरकार बारचालकास देते, आणि त्याच्या मोबदल्यात त्याने नफ्याची ठरलेली मर्यादा ओलांडावयाची नाही. येणाऱ्या माणसाचे उत्पन्न काय, घर कोठे, कार्ड आहे की नाही, याची विचारपूस कोणीही करीत नाही. त्यामुळे रांगेत आमच्यापुढे गळपट्टा बांधलेला वकीलसदृश गृहस्थ होता, मागे चुन्याने माखलेले दोन गवंडी होते, आणि कोपऱ्यात एक वृद्धा हातातील नाणी पुनःपुन्हा मोजून केवळ सूप व पाव घेत होती. ती गरीब आहे हे तिच्या नाण्यांवरून आम्हांस कळले. तिच्या हातातील पावती मात्र वकिलाच्या पावतीसारखीच होती.

या पद्धतीसही दोष आहेत. साहाय्य जिनसांवर असल्यामुळे तपासनीस जिन्नस मोजतो. 2015 च्या आरंभी अर्थखात्याचा जो नवा नियम अमलात आला, त्यातील मान्य जिनसांच्या यादीत कित्येक मसाले नव्हते. तेव्हा सुपात मिरपूड टाकली तर ते सूप साहाय्यास अपात्र ठरावे असा प्रसंग ओढवला. मिऱ्याच्या चार दाण्यांनी सरकारची तिजोरी बुडेल असे ज्या कोणा कारकुनास वाटले असेल, त्याने स्वतः ते अळणी सूप एकदा जेवून पाहिले होते की नाही, ही शंका येते. वृत्तपत्रांनी मोठा गलका केला आणि त्याच वर्षी नियम सुधारून मसाल्यांस जागा देण्यात आली.

आता आपल्याकडे पाहू. स्वस्त जेवणाचे प्रयोग महाराष्ट्रात झाले नाहीत असे नाही. 1995 साली एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना निघाली, आणि सरकार बदलल्यावर ती मावळली. 26 जानेवारी 2020 पासून शिवभोजन थाळी दहा रुपयांत सुरू झाली. शहरातील थाळीस चाळीस व खेड्यातील थाळीस पंचवीस रुपये सरकारने द्यावयाचे असा तिचा हिशेब होता. टाळेबंदीच्या दिवसांत या थाळीने असंख्य लोकांच्या पोटात अन्न घातले, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करितो. परंतु खोट्या थाळ्या दाखविल्या जाऊ नयेत म्हणून जेवणाऱ्याचे नाव व छायाचित्र अ‍ॅपात नोंदविण्याची जी रीत तिच्यासोबत आली, तिजविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. लबाडी रोखणे अवश्य आहे. तथापि ती रोखण्यासाठी वॉर्साचा तपासनीस चालकाची पिठाची पावती पाहतो, आणि आपला तपासनीस भुकेल्या माणसाचे तोंड पाहतो. दोघांपैकी कोणाचा त्रास कोणी सोसावा, असे आम्हांस विचाराल तर आम्ही चालकाचे नाव घेऊ. त्याचा तो धंदा आहे. शिवाय ज्या कारकुनास दहा रुपयांची गरज नाही पण स्वच्छ, साधे आणि वाजवी दराचे जेवण हवे आहे, तो छायाचित्र देण्यास तयार होत नाही. मग त्या रांगेत केवळ निरुपाय झालेले लोक उरतात. ज्या अन्नाची चव फक्त निरुपाय झालेल्यांनीच घ्यावयाची, ते बिघडले तर बोलणार कोण?

वॉर्सात बोलणारे निघाले, त्याची हकीकत अशी. मार्शाउकोव्स्का रस्त्यावर 1954 पासून ‘प्रासोव्ही’ नावाचा बार होता. प्रासोव्ही म्हणजे वृत्तपत्रीय. आम्हां वृत्तपत्रवाल्यांस या नावाचा थोडा अभिमान वाटला तर वाचक क्षमा करतील. 2011 च्या अखेरीस तो बंद झाला. तेव्हा डिसेंबरात तरुण कार्यकर्ते कुलूपबंद बारात शिरले, त्यांनी चुली पेटवून लोकांस जेवू घातले, आणि शेवटी पोलिसांनी येऊन त्यांना बाहेर काढले. कुलूप तोडण्याच्या मार्गाचे समर्थन आम्ही करीत नाही. पण एका स्वस्त खानावळीसाठी सुशिक्षित तरुणांनी पोलिसांशी गाठ घालावी, यावरून ती त्यांची स्वतःची खानावळ होती हे उघड होते. जागा नगरपालिकेच्या मालकीची होती. तिने ती सर्वाधिक भाडे देणाऱ्या कोणाही धंद्यास दिली असती तर कायद्याने तिला कोणी अडविले नसते. परंतु येथे दुधाचा बारच चालावा अशी अट घालून तिने नवा चालक निवडला, आणि 2013 साली प्रासोव्ही पुन्हा उघडला. आम्ही तेथे जेवलो त्या दुपारी रांग दारापर्यंत आली होती.

मुंबई, पुणे, नागपूर येथील महापालिकांच्या मालकीचे गाळे मंडयांत व बाजारांत आहेत, आणि ते लिलावाने जातात. पुढील लिलावाच्या जाहिरातीत प्रत्येक मंडईमागे एक गाळा अशा खानावळीसाठी राखून ठेवावा, भाडे माफक घ्यावे, दर फलकावर लावण्याची सक्ती करावी आणि चालकाच्या धान्याच्या पावत्या तपासाव्या, एवढी सूचना आम्ही तेथील सभासदांस करितो. मिरपूड किती घालावी हे मात्र स्वयंपाकिणीवर सोडावे.