चित्रफितीतील रंगांची एकवाक्यता

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले व खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव हे त्याचे कारण असल्याचे सांगितले. उष्णतेने पाण्याचे बाष्पीभवन होऊन क्षारांचे प्रमाण वाढले, या जीवांची वाढ झाली आणि त्यांच्या अंगच्या रंगद्रव्याने पाण्यास गुलाबी छटा आली. पुढे हे जीव तळाशी बसल्यावर तो रंग ओसरला. हा प्रसंग आपल्याच जिल्ह्यातील असल्यामुळे विज्ञानाच्या पाठास अत्यंत उपयुक्त आहे. परंतु लोणार जिल्ह्याच्या दक्षिण टोकास आणि वरवट बकाल उत्तरेस, सातपुड्याच्या बाजूस. वरवट बकालच्या ज्या विद्यार्थ्याने लोणार पाहिलेले नाही, त्याला तो रंग चित्रफितीवरूनच समजावयाचा असतो. चित्रफितीत पाणी राखी दिसले तर पाठाचा विषयच नाहीसा होतो. सरबतासारखे गडद दिसले तर विद्यार्थी खोटी गोष्ट खरी म्हणून शिकतो.

शिक्षकांना येणारा अनुभव सामान्यतः असा असतो. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र मनासारखे दिसते. तेच एक्स्पोर्ट करून दुसऱ्या फोनवर किंवा वर्गातील प्रोजेक्टरवर लावले म्हणजे ते फिके तरी पडते, नाहीतर भडक तरी होते. मग रंग वाढविला जातो, पुन्हा एक्स्पोर्ट केले जाते, आणि आता तिसऱ्याच ठिकाणी ते विचित्र दिसू लागते. हा खटाटोप न संपणारा आहे, कारण दोष रंगात नसून रंगाच्या मापात आहे.

फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. आणि आकड्याला माप ठाऊक असल्यावाचून अर्थ नाही. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे ६४ पैसे होत. त्या दिवसापासून १०० झाले. ‘३२ पैसे’ म्हणजे जुन्या हिशेबाने अर्धा रुपया, नव्या हिशेबाने एक तृतीयांशाहूनही कमी. घोटाळा टाळण्यासाठीच १९६४ पर्यंत नाण्यावर ‘नया’ हा शब्द छापला जात असे. चित्रफितीच्या फाइलमध्येही अशीच एक खूण असते. आकडे कोणत्या मापाचे आहेत हे ती सांगते. खूण चुकली किंवा मुळीच नसली, तर दाखविणारे यंत्र अंदाजाने चालते.

मापांचे घोटाळे प्रामुख्याने तीन ठिकाणी होतात. त्यांतील सर्वांत ठळक घोटाळा कॅमेऱ्यातच सुरू होतो. अलीकडच्या पुष्कळ फोनांत एच.डी.आर. या प्रकाराने चित्रण होते. त्यात प्रकाशाची पट्टी फार लांब असते. साध्या दूरदर्शन संचासाठी ठरलेल्या बी.टी. ७०९ या मापाने तेच आकडे वाचले, तर चित्र धुवट व निस्तेज दिसते. काही सॉफ्टवेअर पडद्यावर दाखविताना हे रूपांतर करते, पण एक्स्पोर्टच्या वेळी करत नाही किंवा वेगळ्या रीतीने करते. शाळेच्या कामास एच.डी.आर.ची गरज नाही. चित्रणापूर्वीच फोनच्या कॅमेऱ्यातील ‘एच.डी.आर. व्हिडिओ’ हा पर्याय बंद करावा. पुष्कळ तक्रारी एवढ्यानेच मिटण्यासारख्या आहेत.

दुसरा घोटाळा काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादेचा. संगणकाच्या चित्रात ० म्हणजे काळा व २५५ म्हणजे पांढरा. चित्रफितीत मात्र प्रथेने १६ काळा व २३५ पांढरा धरला जातो. चित्रफितीचे आकडे संगणकाच्या पट्टीने वाचले तर काळा रंग राखी होतो व सारे चित्र धुक्यात गेल्यासारखे भासते. उलट झाले तर सावल्या काळ्याठिक्कर पडतात व पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या नाहीशा होतात. ‘डाविंची रिझॉल्व्ह’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्टच्या पानावर याची निवड असते, तेथे ‘व्हिडिओ’ किंवा ‘ऑटो’ ठेवावे, ‘फुल’ ठेवू नये. रंगाच्या मापाच्या जागी रेक. ७०९ असावे, बी.टी. ७०९ चेच हे दुसरे नाव होय.

तिसरा प्रकार सौम्य आहे. जुन्या, लहान आकाराच्या चित्रासाठी बी.टी. ६०१ हे वेगळे माप होते. खूण नसलेली लहान चित्रफीत पुष्कळ प्लेअर त्याच मापाने वाचतात, आणि तांबडा व हिरवा किंचित सरकतात. फाइल लहान व्हावी म्हणून ४८० ओळींचे चित्र काढण्यापेक्षा ७२० ओळींचे काढणे यासाठी बरे.

याखेरीज एक हानी अशी आहे की ती कोणत्याही मापाने भरून येत नाही. जागा वाचविण्यासाठी एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये शेजारच्या चार बिंदूंना मिळून एकच रंग दिलेला असतो. उजेड-अंधार मात्र प्रत्येक बिंदूचा स्वतंत्र राहतो. निळ्या भूमीवर बारीक तांबडी अक्षरे सॉफ्टवेअरमध्ये ठळक दिसली, तरी एक्स्पोर्टनंतर त्यांच्या कडा विरघळतात. यास्तव अक्षरे जाड असावीत व रंगापेक्षा उजेडाच्या फरकाने उठून दिसावीत. गडद फळ्यावर पांढरी अक्षरे लिहिण्याची जुनी रीत येथेही खरी ठरते.

आता दोष कोठे आहे हे ओळखावे कसे? चित्रफितीच्या आरंभी पांढरा, राखी, काळा, तांबडा, हिरवा, निळा, पिवळा व गुलाबी अशा रंगांची पट्टी काही सेकंद ठेवावी. एक्स्पोर्ट झालेली फाइल पुन्हा त्याच सॉफ्टवेअरमध्ये आणून मूळ चित्राशेजारी ठेवावी. दोन्ही पट्ट्या सारख्या असतील तर एक्स्पोर्ट बहुधा बिनचूक आहे व फरक प्लेअरचा किंवा पडद्याचा आहे. त्या भिन्न असतील तर निवडीत चूक आहे. या परीक्षेस पाच मिनिटेही लागत नाहीत. ती न करता रंग वाढवीत बसणे म्हणजे ताप न मोजता औषध देणे होय.

पडद्याचा फरक सर्वस्वी टाळता येत नाही. ‘प्रभात’ने १९३३ साली ‘सैरंध्री’ या चित्रपटाच्या रंगीत प्रती जर्मनीत तयार करून घेतल्या, तेव्हा व्ही. शांताराम यांच्यासारख्या जाणत्या दिग्दर्शकालाही मनासारखे रंग पडद्यावर मिळाले नाहीत. तथापि काही खबरदारी सहज घेता येते. रंग पाहताना फोनमधील ‘व्हिव्हिड’ ही भडक छटा व रात्रीचा पिवळसर प्रकाश बंद ठेवावा आणि पडद्याचा उजेड आपोआप बदलू देऊ नये. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. भिंतीवर जितका उजेड आहे तितकाच त्याचा काळा. खिडक्या झाकल्याशिवाय त्यावरील चित्राचा न्याय करू नये, आणि त्या फिकेपणाच्या भरपाईसाठी चित्रफितीतला रंग तर मुळीच वाढवू नये, कारण तीच फाइल पुढे पालकांच्या फोनवर जाणार असते.

लोणारच्या उदाहरणात चित्रण करतानाची एक गोष्ट विशेष जपावयाची. पाण्याचा मोठा भाग चित्रात आला की फोनचा स्वयंचलित रंगतोल तो गुलाबीपणा दोष समजून पुसू पाहतो. प्रथम पांढरा कागद उन्हात धरून त्यावर तोल स्थिर करावा, मगच सरोवराकडे वळावे. हळदीच्या कागदाला साबणाचे पाणी लावून तो तांबूस होताना दाखविण्याच्या प्रयोगासही हाच नियम लागू आहे.

तयार चित्रफीत व्हॉट्सॲपवर पाठवावयाची असल्यास ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. व्हिडिओ म्हणून पाठविल्यास ती पुन्हा दाबली जाते, आणि फिकट गुलाबीसारख्या नाजूक छटांवरच त्याचा परिणाम आधी दिसतो.